वारसा, खेळ आणि अस्मिता : ‘बियाँड अ बाउंडरी’चा एक अन्वयार्थ

सी. एल. आर. जेम्स (१९०१–१९८९) यांचे ‘बियाँड अ बाउंडरी’ हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. आपली कृती म्हणजे क्रिकेटच्या आठवणी नव्हेत आणि आत्मचरित्रही नव्हे, असे जेम्स यांनी प्रारंभीच स्पष्ट केले आहे. तरीही खेळाच्या द्वारे वेस्ट इंडियन माणसाला गवसलेल्या राष्ट्रीय अस्मितेची कथा, असेच तिचे वाचन बहुधा केले जाते. हे वाचन अपुरे आहे. ‘गवसणे’ या क्रियापदात वस्तू आधीपासून कोठेतरी शाबूत आहे, असे गृहीत धरलेले असते. या संहितेत तसे शाबूत काहीच नाही. घराचा वारसा अंतर्विरोधांनी भरलेला आहे, खेळ राज्यकर्त्यांकडून आलेला आहे आणि राष्ट्र अद्याप आकाराला यावयाचे आहे. अशा सामग्रीतून अस्मिता घडवावी लागते. आणि ती घडविताना निवड चुकू शकते, ही जाणीव या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे.

त्रिनिदादमधील तुनापुना या गावी घराच्या खिडकीतून क्रिकेटचे मैदान दिसत असे. सहा वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढून सामने पाही आणि तेथूनच हात लांबवून कपाटावरची पुस्तके घेई. खेळ आणि ग्रंथ यांचे हे सान्निध्य पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरते. घराचे वळण मात्र कडक प्युरिटन होते : संयम, नियमितपणा, चारचौघांतील प्रतिष्ठा. शेजारचा मॅथ्यू बॉन्डमन या वळणाच्या नेमका विरुद्ध होता. काहीही कामधंदा न करणारा हा गलिच्छ माणूस घरातील वडीलधाऱ्यांना नकोसा वाटे. पण त्याने बॅट हाती घेतली की फलंदाजीचे सौंदर्य अवतरे. कुटुंबाच्या नीतीने ज्याला बहिष्कृत ठरविले, त्याच्याकडूनच मुलाला सौंदर्याचा पहिला धडा मिळतो. हा विरोध जेम्स मिटवीत नाहीत. पुढे क्रिकेटला नाट्य आणि शिल्प यांच्या पंक्तीला बसविणारी जी कलामीमांसा ते मांडतात, तिचे बीज या न सुटलेल्या कोड्यात आहे.

आजोबा जॉश रडर यांची हकीकतही अशीच दुपेडी आहे. रेल्वेत इंजिनचालक झालेल्या पहिल्या काही अश्वेतांपैकी ते एक होते. साखर कारखान्यातील बंद पडलेले यंत्र गोऱ्या अभियंत्यांना सुरू करता आले नाही, तेव्हा ते त्यांनी सुरू केले. मात्र ते कसे केले, हे अधिकाऱ्यांना सांगितले नाही. वसाहतीची यंत्रविद्या आत्मसात करणे आणि आपले ज्ञान वसाहतीच्या स्वाधीन न करणे, या दोन्ही गोष्टी येथे एकाच कृतीत घडतात. क्रिकेटविषयी जेम्स यांचा पवित्रा याच जातीचा आहे.

परंतु वारसा आपोआप मार्ग दाखवीत नाही. शालेय शिक्षणानंतर जेम्स यांच्यापुढे क्लब निवडण्याचा प्रश्न आला. त्रिनिदादचे क्लब वर्ण आणि वर्ग यांच्या बारकाव्यांनुसार विभागलेले होते. क्वीन्स पार्क प्रामुख्याने श्रीमंत गोऱ्यांचा, मेपल उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा, शॅनन कृष्णवर्णी शिक्षक-कारकुनांचा, तर स्टिंगो सामान्य कष्टकऱ्यांचा. स्वतः कृष्णवर्णी असूनही जेम्स यांनी मेपल निवडला. या निर्णयामुळे आपला राजकीय विकास अनेक वर्षे खोळंबला, असा हिशेब ते मांडतात. अस्मितेच्या बहुतेक कथनांत भूतकाळ नायकाला योग्य ठिकाणी आणून सोडतो. येथे घराचे प्रतिष्ठाप्रेमच त्याला आपल्या माणसांपासून दूर नेते. शॅननच्या लिअरी कॉन्स्टंटाईन यांचा वारसा वेगळा होता. वडील लेब्रन यांनी १९०० व १९०६ साली इंग्लंडचा दौरा केला होता आणि खेळ हा त्या घराचा नित्याचा व्यवहार होता. १९३२ साली इंग्लंडमध्ये नेल्सन येथे कॉन्स्टंटाईन यांच्या घरी राहिल्यावर या दोन वारशांची खऱ्या अर्थाने गाठ पडली.

राष्ट्राच्या संदर्भात संहितेतील ताण अधिक तीव्र होतो. फ्रँक वॉरेल यांना कर्णधारपद मिळावे, यासाठी जेम्स यांनी ‘द नेशन’मधून मोहीम चालविली. १९६०–६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल पूर्ण मालिकेसाठी नेमलेले पहिले कृष्णवर्णी कर्णधार म्हणून गेले. मेलबर्नच्या जनसमुदायाने या संघाला दिलेल्या निरोपात जेम्स यांना एका राष्ट्राचा जगात झालेला प्रवेश दिसतो. पण १९५८ साली स्थापन झालेले वेस्ट इंडीज संघराज्य १९६२ साली विसर्जित झाले होते. पुस्तक वाचकांच्या हाती आले तेव्हा संघ होता, पण त्याचे राष्ट्र नव्हते. त्यामुळे शेवटचा जल्लोष पूर्तीपेक्षा एका अपुऱ्या शक्यतेची साक्ष ठरतो.

या कृतीच्या मर्यादाही तिच्या आशयातूनच उद्भवतात. घरातील ज्युडिथ सामन्यासाठी जमलेल्यांची सरबराई आटोपून बसते आणि तेथेच प्राण सोडते. जेम्स हा प्रसंग प्युरिटन निष्ठेचा परमोच्च बिंदू म्हणून पाहतात. खेळाच्या लोकशाहीत स्त्रीचे स्थान कोणते, हा प्रश्न विचारीत नाहीत. १८४५पासून करारबद्ध मजूर म्हणून आणल्या गेलेल्या भारतीयांचा वंशविस्तारही या चित्राच्या कडेलाच राहतो. अस्मिता निवडीतून घडते असे मानले, तर निवडीबाहेर कोण राहिले हेही विचारणे क्रमप्राप्त आहे.

मराठी समीक्षेला या वाचनाचे विशेष प्रयोजन आहे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या बाळू पालवणकर यांना, ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील असल्याने, हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. विठ्ठल यांनी मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून ठेवले आहे. अशी कथने खेळाच्या आठवणी म्हणून बाजूला ठेवली जातात. कोणत्या संघात कोण, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या किमतीने खेळला, हे प्रश्न जेम्स यांच्याप्रमाणे त्या संहितांना विचारले, तर आत्मकथनाच्या मराठी परंपरेचा नकाशा बदलावा लागेल.