‘डेप्रिकेटेड’ आणि ‘ऑब्सोलीट’ : एका तांत्रिक मानकातील वाक्याची चिकित्सा

तांत्रिक मानकाची भाषा रूक्ष असते, आणि रूक्ष असल्यामुळेच ती निःसंदिग्ध असते, असा समज सामान्यतः आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यास ‘यांग’ या भाषेचे मानक उपयोगी पडेल. संगणक-जाळ्यातील राउटरसारख्या यंत्रांची मांडणी व स्थिती कोणत्या घटकांनी वर्णावयाची, हे या भाषेत लिहिले जाते. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने तिचे पहिले मानक २०१० साली (आरएफसी ६०२०) आणि १.१ ही आवृत्ती २०१६ साली (आरएफसी ७९५०) प्रसिद्ध केली.

यांगमधील व्याख्येस तीनपैकी एक दर्जा देता येतो : ‘करंट’, ‘डेप्रिकेटेड’ किंवा ‘ऑब्सोलीट’. पहिल्याचा अर्थ प्रचलित व वैध. तिसऱ्याचा अर्थ कालबाह्य. अशा व्याख्येची अंमलबजावणी करू नये, अथवा ती अंमलबजावणीतून काढता येते. प्रश्न मधल्या दर्जाचा आहे. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे ‘ऑब्सोलीट’ व्याख्या, परंतु जुन्या यंत्रांशी मेळ राहावा म्हणून जिच्या नव्या वा चालू अंमलबजावणीस मुभा आहे अशी, असे मानक सांगते. म्हणजे दुसऱ्या संज्ञेचा अर्थ तिसरीच्या आधारे दिला आहे, आणि तिसरीचा उलगडा तर पुढे व्हावयाचा आहे.

हा दोष कोठून आला, याचा शोध पाठपरंपरेत लागतो. १९९९ सालच्या आरएफसी २५७८मध्ये, म्हणजे यांगपूर्वीच्या ‘एसएमआय’ या व्यवस्थेत, जवळजवळ हेच शब्द आहेत. तेथे मात्र ‘ऑब्सोलीट’चा खुलासा आधी येतो, नंतर ‘डेप्रिकेटेड’ हेही कालबाह्यतेचेच द्योतक आहे, असे म्हटले आहे. त्या ‘ही’मुळे दुसरी संज्ञा पहिलीचा सौम्य प्रकार ठरते. यांगमध्ये क्रम बदलला आणि तो ‘ही’ गळाला. वाक्य तेच राहिले, पण त्याचा आधार गेला.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे. १९९७ सालच्या आरएफसी २११९ने मोठ्या अक्षरांतील ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ आदी शब्दांना निश्चित बंधनमूल्य दिले. यांगमध्ये ‘ऑब्सोलीट’च्या खुलाशातील निषेध त्या अधिकृत शब्दांत आला, ‘डेप्रिकेटेड’च्या खुलाशातील ‘परमिट्स’ हे क्रियापद मात्र त्या सूचीत नाही. विधी, निषेध आणि अनुज्ञा यांपैकी येथे अनुज्ञा आहे हे उघड आहे. परंतु करण्याची मुभा दिली, तर न करण्याचीही दिली काय? मानक याविषयी मौन पाळते.

हे मौन व्यवहारात महाग पडते. जाळ्याची देखरेख करणारा प्रोग्राम राउटरकडे एक ‘डेप्रिकेटेड’ घटक मागतो आणि तो मिळत नाही. एक वाचक म्हणेल, यंत्राने मानक मोडले. दुसरा म्हणेल, यंत्राने मुभेचा उपयोग केला. दोघेही त्याच वाक्याकडे बोट दाखवितील.

‘काढणे’ या क्रियेसंबंधी मात्र मानकाने आवश्यक ती काळजी घेतली आहे. ‘ऑब्सोलीट’ व्याख्या अंमलबजावणीतून काढता येते. प्रसिद्ध झालेल्या मॉड्यूलच्या संहितेतून ती काढण्यास मनाई आहे, कारण अन्य मॉड्यूल तिच्या नावाचा आधार घेत असतील. येथे कर्म स्पष्ट, म्हणून अर्थही स्पष्ट.

जुने शब्द ठेवण्यास कारण होते, हे मान्य करावयास हवे. एसएमआयमधील मॉड्यूल यांगमध्ये आणण्याची रीत २०१२ साली आरएफसी ६६४३ने ठरविली; दर्जांची नावे समान राहिल्याने ते स्थलांतर सोपे झाले. तथापि नावे राखणे वेगळे आणि खुलासा जसाच्या तसा राखणे वेगळे.

सुधारणा अवघड नाही. ‘डेप्रिकेटेड’च्या विवरणातून ‘ऑब्सोलीट’ हा शब्द वगळावा आणि तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगाव्यात : व्याख्या अद्याप वैध आहे, यंत्रकर्त्याने ती पाळावी, न पाळल्यास यांगमधील ‘डेव्हिएशन’ या सोयीने तसे जाहीर करावे, वापरकर्त्याने नव्या कामात तिच्यावर विसंबू नये. आज एकाच ‘मुभा’ शब्दावर या तिन्हींचा भार आहे, आणि तो त्याला पेलत नाही.