झिगझॅग आलेख : उपयुक्त, पण अपुरा

वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती समजावून सांगताना एक आकृती हमखास पुढे येते. जोनाथन जोन्स व जेफ्री डँगल यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये मांडलेला हा ‘झिगझॅग’ आलेख. जिवाणू पानात शिरला की पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने त्याच्या कशाभिकेचा अंश ओळखतात. संरक्षणाची रेषा वर चढते. जिवाणू स्वतःची प्रथिने पेशीत सोडतो; रेषा खाली येते. पेशीच्या आतील प्रथिनांनी ती ओळखली, तर रेषा पुन्हा उसळते आणि बाधित पेशी स्वतः मरून जिवाणूची वाट अडवते. विखुरलेली माहिती एका सूत्रात ओवणे, हा या आलेखाचा मोठा गुण.

पण बीड जिल्ह्यातील शिक्षकांनी तो कपाशीच्या पानाशेजारी ठेवून पाहावा. जिवाणूजन्य करप्यात पानावर शिरांनी अडवलेले, कोनाकार, पाणीदार ठिपके पडतात. या जिवाणूचे ‘एव्हीआर-बी-६’ हे प्रथिन कपाशीच्या पेशीकेंद्रात जाऊन, पेशीतील साखर बाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचा जनुक सुरू करते, असे २०१७ साली दाखवले गेले. इथे जिवाणू संरक्षण दडपत नाही, तर वनस्पतीचाच जनुक स्वतःसाठी राबवतो. या चालीला आलेखात जागाच नाही. गंमत अशी, की ‘बी-६’ जनुक असलेल्या कपाशीत हेच प्रथिन जिवाणूची चुगली करते! आर. एल. नाइट यांनी सुदानमध्ये हा जनुक देशी कापसातून घेतला होता.

दुसरी उणीव म्हणजे पृष्ठभागावरची ओळख आणि आतली ओळख आलेखात एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या दिसतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना बळ देतात. २०२१ साली दोन गटांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसवर हे सिद्ध केले. त्यांपैकी एक गट खुद्द जोन्स यांचाच होता.

तिसरी उणीव वर्गात सर्वांत जास्त भोवते. आलेखाच्या उभ्या अक्षावर संरक्षणाची तीव्रता आहे, पण तिला एकक नाही. विद्यार्थी तिला ‘ताकद’ समजतो. मग झाड अशक्त म्हणून रोग पडला, तेव्हा टॉनिक फवारा, असा हिशोब घरोघरी मांडला जातो आणि पैसे जातात. वस्तुतः रोगाला बळी पडलेली कपाशी दुबळी असतेच असे नाही; अनेकदा तिच्याकडे त्या जिवाणूला ओळखणारे नेमके प्रथिन नसते. ते काही बाटलीतून मिळत नाही. हा रोग बियाण्यातून येतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. म्हणून निरोगी बियाणे, रोगग्रस्त पऱ्हाट्यांची विल्हेवाट आणि प्रतिकारक वाण यांना महत्त्व आहे.

आलेख फळ्यावर जरूर काढावा. मात्र ‘शक्ती’ऐवजी ‘ओळख’ हा शब्द वापरावा, आणि शेजारी कपाशीचे एक डागाळलेले पान चिकटवून विचारावे : या पानातले काय काय या रेषेत आलेले नाही?