कायदेमंडळाची भूमिका आणि मराठा आरक्षण कायदे : एक समीक्षा

प्रस्तावना :
कायदे करणे, शासनावर नियंत्रण ठेवणे आणि लोकांच्या प्रश्नांवर विचारविनिमय करणे ही संसदीय लोकशाहीत कायदेमंडळाची प्रमुख कार्ये मानली जातात. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी (ता. अंबड) येथे २०२३ मध्ये मनोज जरांगे यांनी केलेल्या उपोषणामुळे राज्य विधिमंडळाच्या या कार्यांची कसोटी लागली. प्रस्तुत लेखात आरक्षणाच्या मागणीची योग्यायोग्यता तपासलेली नसून कायदा करण्याच्या प्रक्रियेची समीक्षा केली आहे.

विवेचन :
मराठा समाजास १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक विधिमंडळाने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी एकमताने संमत केले. मागासवर्ग आयोगाचा संपूर्ण अहवाल मात्र सभागृहापुढे आला नाही. आला तो केवळ कृती अहवाल. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आरक्षणाचे प्रमाण शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी ते रद्द केले. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती आहे काय, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला. वास्तविक तो प्रथम सभागृहातच कसून विचारला जाणे आवश्यक होते.

या अनुभवानंतरही प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. नव्या आयोगाचा अहवाल १६ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनास सादर झाला आणि २० फेब्रुवारीच्या एकदिवसीय विशेष अधिवेशनात १० टक्के आरक्षणाचे विधेयक एकमताने संमत झाले. विधेयक समितीकडे सोपवून चिकित्सा करण्यास अवसरच उरला नाही. या कायद्यालाही उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

दुसरीकडे, कुणबी प्रमाणपत्रांची मागणी शासनाने ७ सप्टेंबर २०२३ आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयांद्वारे हाताळली. शासन निर्णयास सभागृहाची मान्यता लागत नाही. परिणामी, मराठा व इतर मागासवर्गीय या दोन्ही समाजघटकांना ग्रासणाऱ्या प्रश्नावरील महत्त्वाची बोलणी उपोषणस्थळी झाली, निर्णय मंत्रालयात झाले आणि चिकित्सा न्यायालयाकडे गेली.

निष्कर्ष :
एकमत हा दोष नव्हे. तथापि चर्चेविना झालेले एकमत कायद्याला बळ देत नाही. ज्या तरुणांचे प्रवेश व नियुक्त्या अशा कायद्यांवर अवलंबून असतात, त्यांनाच या घाईची किंमत मोजावी लागते. आयोगाचे अहवाल पुरेसे आधी सभागृहात मांडणे आणि अशी विधेयके संयुक्त समितीकडे पाठविणे, या दोन बाबींचा अवलंब झाला, तरच विधिमंडळ हे केवळ मंजुरीचे ठिकाण न राहता विचाराचे व्यासपीठ ठरेल.