नामांतर आणि ओळख

विंडोजच्या संगणकजालात परवानगीने केलेल्या प्रवेश-चाचणीचा आरंभ परिगणनेने होतो: यंत्रे कोणती, खाती कोणाची, सामायिक फोल्डर कोणते. विंडोज एनटी ४.० (१९९६) व विंडोज २००० या प्रणाली, मूळ मांडणीत, निनावी पृच्छकासही खात्यांची यादी देत असत. यावर उपाय म्हणून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खात्याचे नामांतर करावे, असा उपदेश रूढ झाला. तो भ्रामक आहे. नाव ही केवळ उपाधी होय. प्रणाली खाते ओळखते ते सिक्युरिटी आयडेंटिफायर या क्रमांकावरून. आणि या अंगभूत खात्याच्या क्रमांकाचा अखेरचा खंड नेहमी ५०० असतो. परीक्षक क्रमांक पुसतो, प्रणाली नवे नाव सांगून मोकळी होते. शब्द पालटला, अभिधेय तेच राहिले. तेव्हा संरक्षण नामांतरात नसून, उत्तर कोणास द्यावयाचे हे ठरविण्यात आहे.