स्फटिकांची शुद्धता आणि शीतनाचा वेग : एक चिकित्सा

औद्योगिक स्फटिकीकरणाच्या विवेचनात ‘द्रावण सावकाश थंड केल्यास शुद्ध स्फटिक मिळतात’ हे विधान जवळजवळ सूत्रासारखे वापरले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण अशुद्धी स्फटिकात कोणत्या मार्गाने शिरते, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

पोटॅशियम नायट्रेटचे उदाहरण बोलके आहे. १०० ग्रॅम पाण्यात ते ६० अंश सेल्सिअसला सुमारे ११० ग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम विरघळते. मिठाची विद्राव्यता मात्र ३६-३७ ग्रॅमच्या आसपासच राहते. द्रावणातील ५ ग्रॅम मीठ त्यामुळे द्रावणातच राहावयास हवे. तरीही ते उत्पादनात आढळते. कारण घाईने वाढलेल्या स्फटिकांच्या पोकळ्यांत व गुच्छांत मूळ द्रावण कोंडले जाते. पृष्ठभागावरचे द्रावण धुऊन निघते, आत कोंडलेले निघत नाही.

मलिन व निव्ह्ल्ट यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या नियोजित शीतनाचे महत्त्व येथेच आहे. नैसर्गिक शीतनात तापमान आरंभी झपाट्याने उतरते आणि नेमके तेव्हाच स्फटिकांचे पृष्ठफळ सर्वांत कमी असते. परिणामी अतिसंपृक्तता वाढून असंख्य बारीक कण जन्मतात. बीजस्फटिक घातलेल्या द्रावणाचे तापमान काळाच्या घनाच्या प्रमाणात उतरवल्यास ६० ते २० अंशांच्या उतारापैकी निम्म्या वेळात केवळ ५ अंश उतरतात. उरलेले ३५ अंश उत्तरार्धात.

तथापि या मांडणीचा मूळ रोख स्फटिकांच्या आकारावर होता, शुद्धतेवर नव्हे. दोहोंना एकच मानणे ही पुढील विवेचनांची उणीव होय. शीतक फार थंड असल्यास सरासरी तापमान योग्य वक्रावर असूनही पात्राच्या भिंतीलगत अतिसंपृक्तता वाढते व तेथे थर साचतो. याहून मूलभूत मर्यादा समरूप क्षारांची आहे. पोटॅश तुरटी व क्रोम तुरटी यांचे संमिश्र स्फटिक बनतात. तेथे परका आयन जालकातच जागा घेतो. असा आयन धुण्याने निघत नाही आणि केवळ शीतनाच्या वक्राने तो पूर्णपणे रोखताही येत नाही.

अशुद्धी कोंडलेली की जालकातील, याचा निर्णय न करता केलेले पुनःस्फटिकीकरण प्रत्येक फेरीत उत्पादन घटवते. अध्यापनातही ‘सावकाश’ या शब्दाऐवजी हा भेदच प्रथम मांडला जाणे आवश्यक आहे.