टाकलेल्या वस्तूंची वसाहत

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी एक वाद ठरलेला. कान तुटलेला कप, टवका उडालेली बशी, फुटक्या बांगड्या, ह्यांचे करायचे काय? 'टाका एकदाचे' हे सौभाग्यवतींचे मत; 'राहू दे, लागेल' हे माझे. चंदीगडची रॉक गार्डन पाहून आल्यापासून माझी बाजू अंमळ बळकट झाली आहे!

ही बाग नेकचंद सैनी ह्या गृहस्थांची. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. चंदीगडला ते बांधकाम खात्यात रस्त्यांवर निरीक्षक होते. नव्या शहरासाठी खेडी पाडली गेली, त्यांचा राडारोडा ते सायकलवरून आणीत आणि बांधकामास मनाई असलेल्या जंगलात गुपचूप मांडीत. १९५७ च्या सुमारास हा उद्योग सुरू झाला. १९७५ साली सरकारला सुगावा लागला. पण पाडण्याऐवजी १९७६ साली बाग लोकांना खुली केली आणि नेकचंदांना पगार व मजूर दिले.

तथापि, कहाणी अद्भुत म्हणून कला थोर ठरत नाही. मेहनत केली एवढ्यावर चुकलेल्या गणिताला आम्ही मास्तर पुरे गुण देत नाही. तेव्हा मूर्तींकडेच पाहू.

बागेतली दारे बुटकी. वाकल्यावाचून आत जाता येत नाही. प्रत्येक वळणापुढे काय आहे ते आधी कळत नाही. मग अचानक बांगड्यांच्या काचांनी मढलेल्या बायका, चिनीमातीच्या तुकड्यांची जनावरे, रांगांमागून रांगा! सुटी मूर्ती घ्याल तर ओबडधोबड, चेहरेही एकमेकांसारखे. पण शेकडो जण मुकाट्याने आपल्याकडे पाहू लागले की पाडलेल्या खेड्यांतली माणसेच परत येऊन उभी राहिली आहेत असे वाटते. ह्या बागेचे सामर्थ्य मूर्तीत नाही, जमावात आहे.

मागाहून बांधलेल्या भागात मात्र हा ताण सैल पडतो. तिथे प्रशस्त कमानी आहेत, झोपाळे आहेत. कुतूहल संपून जत्रा सुरू होते. माझ्या धाकटीला हे मत मुळीच मान्य नाही. ती झोपाळ्यावरून उतरायलाच तयार नव्हती!

१९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. नेकचंद २०१५ साली वारले. २०२५ साली उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडलाच. राडारोड्यातून जे उभे राहिले, त्याचा पुन्हा राडारोडा झाला. हे वाचले तेव्हा घरचे कुणी दुखावल्यासारखे वाटले. निरुपयोगी काय, हे ठरवण्याची घाई आपल्याला फार असते. ती घाई किती चुकीची ठरू शकते, त्याचा पुरावा म्हणजे ही बाग.

यंदा कान तुटलेला कप फडताळातच राहिला आहे. सौभाग्यवतींनी त्यात पणत्यांच्या वाती ठेवल्या आहेत.