नाव, पाठभेद आणि नागरिकत्व : मतदारयादीच्या पडताळणीचे एक परीक्षण

मतदारयादी ही सामान्यतः चिकित्सक अभ्यासाचा विषय मानली जात नाही. ती शासकीय कागदांत मोडते आणि निवडणूक आटोपली की तिचे प्रयोजन संपले असे समजले जाते. तथापि भाषेच्या अभ्यासकाला ती एक संहिता म्हणूनच दिसावयास हवी. तीतील प्रत्येक नाव कोणीतरी उच्चारलेले, दुसऱ्या कोणी ऐकून लिहिलेले, पुढे नकललेले आणि अनेकदा एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेलेले असते. नोंदविलेल्या मतदारांचे नागरिकत्व पडताळावयाचे म्हटले की प्रत्यक्षात पडताळणी होते ती पुष्कळदा या संहितेचीच. म्हणून या पडताळणीची पद्धती पाठचिकित्सेच्या कसोटीस कितपत उतरते, हे पाहणे उचित ठरेल.

पडताळणीच्या हेतूविषयी वाद नाही. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने मताधिकार नागरिकालाच दिला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १६ व्या कलमाने, जो नागरिक नाही त्याला नोंदणीस अपात्र ठरविले आहे. परंतु नागरिकत्व निर्विवादपणे सिद्ध करील असे एकच पत्र भारतात प्रत्येकाजवळ नसते. त्यामुळे नोंदणीच्या वेळी अर्जदाराचे निवेदन घेतले जाते. ते खोटे ठरल्यास ३१ व्या कलमान्वये शिक्षा आहे. सारांश, या संहितेचा पाया नाव सांगणाऱ्याच्या शब्दावरील विश्वास हा आहे.

हा विश्वास विचारपूर्वक ठेवलेला होता. पहिल्या यादीची सिद्धता संविधान पूर्ण होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये सुरू झाली. ऑर्नित शनी यांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात तो इतिहास सविस्तर मांडला आहे. फाळणीमुळे आलेल्या निर्वासितांना निवासाच्या मुदतीची अट पुरी करणे अशक्य होते. तेव्हा त्या गावी कायम राहण्याचा मनोदय त्यांनी जाहीर करावा, एवढ्यावर त्यांची नोंद घेण्याची सूचना निघाली. ज्यांच्या नागरिकत्वाचा निर्णय व्हावयाचा होता, त्यांनाच शब्दावर विसंबून यादीत स्थान मिळाले.

त्याच यादीत नावाच्या प्रश्नाने पहिला अडथळाही उभा केला. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशी ओळख सांगितली. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लक्ष नावे वगळली गेली. स्त्रीने व्यक्ती म्हणून मत द्यावे हा आग्रह योग्यच होता. परंतु या स्त्रियांचे अस्तित्व वा नागरिकत्व कोणी नाकारले नव्हते. त्या वगळल्या गेल्या त्या संबोधनाच्या रूढीमुळे.

पुढे आसामात या प्रश्नाला निराळे वळण लागले. १९९७ पासून तेथील यादीत काही नावांपुढे ‘डी’ हे एकच अक्षर लिहिले जाऊ लागले. ज्याच्यापुढे ते पडले त्याचा मताधिकार थांबला आणि परकीय नागरिक न्यायाधिकरणापुढे आपण परके नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आले. राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या वेळी २४ मार्च १९७१ पर्यंतच्या याद्यांतील पूर्वजाशी आपले नाते दाखवावे लागले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीत १९,०६,६५७ अर्जदारांची नावे नव्हती.

येथे भाषेचे तथ्य ध्यानात घेतले पाहिजे. आसामातील बंगालीभाषक मुस्लिम समाजात एकच स्त्री विवाहापूर्वी ‘खातून’, विवाहानंतर ‘बिबी’ आणि वैधव्यात ‘बेवा’ म्हणून नोंदलेली आढळते. ही आडनावे नव्हेत, अवस्थादर्शक उपपदे होत. ‘रहमान’, ‘रेहमान’, ‘रहिमान’ ही एकाच नावाची लेखनरूपे आहेत. विवाहानंतर आडनावच नव्हे तर कित्येकदा मूळ नावही बदलणाऱ्या मराठी स्त्रीच्या बाबतीत हे सहज उमजते. मात्र जेथे दोन कागदांतील अक्षरे तंतोतंत जुळणे हीच कसोटी ठरते, तेथे एका स्त्रीच्या दोन स्त्रिया होतात.

पाठचिकित्सेचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. दोन प्रतींत एकाच राजाचे नाव भिन्न आढळले म्हणून तेथे दोन राजे कल्पिले जात नाहीत. भेदाचे उत्तरदायित्व प्रथम लेखनिकावर, लिपीवर आणि प्रांतिक उच्चारावर टाकले जाते. नागरिकत्वाच्या पडताळणीत लेखनिकाच्या चुकीचे प्रायश्चित्त ज्याचे नाव लिहिले गेले त्याने घ्यावयाचे असते.

१९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जो विवेक दाखविला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबई व दिल्ली येथील मतदारांना नागरिकत्व सिद्ध करण्याविषयी दिलेल्या नोटिशांचा तो वाद होता. नाव आधीच यादीत असेल तर नोंदणी अधिकाऱ्याने पूर्वी खातरजमा केली असे गृहीत धरावे आणि नाव काढण्यापूर्वी संबंधितास आक्षेपाचे स्वरूप सांगून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असा त्याचा आशय होता.

बिहारमध्ये २४ जून २०२५ च्या आदेशाने आरंभिलेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात २००३ ची यादी आधारभूत मानली गेली. तीत ज्यांचे नाव नव्हते त्यांच्याकडे ठराविक कागदपत्रे मागितली गेली. ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लक्ष नावे गळाली. त्यांची मुख्य कारणे मृत्यू, स्थलांतर व दुबार नोंद अशी दिली गेली. त्या सर्वांना परकीय समजणे चूक ठरेल. तरीही एक जुनी प्रत मूळ मानताना तीही कोणाच्या तरी हातचे लेखन आहे, हे विसरून चालत नाही.

यादी शुद्ध असावी यात शंका नाही. पण शुद्धीकरणाला क्रम असावा. प्रथम पाठभेद का झाला ते शोधावे, स्थानिक नामपद्धती जाणणाऱ्याचे मत घ्यावे, आक्षेपाचे कारण लेखी नोंदवावे. मगच व्यक्तीकडे वळावे. अक्षराविषयी शंका घेणे हे चिकित्सकाचे कर्तव्यच आहे. ती शंका न फेडताच माणसाविषयी संशय धरला, तर शुद्ध झालेल्या यादीत खरा नागरिकच नसण्याचा संभव राहतो.